लिंबाने घासलेली भट्टी

मी एक जुनी भट्टी आहे, आणि मित्रांनो, कुमासी शहराला पिझ्झा खायला मी शिकवलं.

हे मी माझ्या मोठेपणासाठी सांगत नाही. तसं भिंतीवर लिहिलेलंच आहे. हातभर उंच लाल अक्षरांत: 'या शहराला पिझ्झा आम्ही शिकवला.' भिंत शेजारच्या टायरवाल्याची आहे, ती त्याला न विचारता रंगवली होती, आणि शहर पहिल्याच वर्षी शाळा सोडून गेलं. पण लिहिलेलं आहे.

माझा जन्म इटलीतला. अंग पोलादाचं, पोटात दगडी लादी, तोंडाला काचेचं दार आणि कपाळावर माझ्या कारखान्याचं नाव पितळी अक्षरांत. बोलोन्या शहरातल्या एका छोट्या खाणावळीत मला पहिली नेमणूक मिळाली. माझ्यासमोर मोरी होती आणि मोरीपाशी क्वाबेना असियामा उभा असायचा. तो भांडी घासायचा. सोळा वर्षं त्याने तेच केलं. त्याच्या हातून निघालेल्या ताटात मला माझी पितळी अक्षरं उलटी दिसायची, इतकं ते ताट स्वच्छ असे. दुपारी सगळे नोकर पिझ्झा खात. क्वाबेना मोरीच्या कडेला बसून डब्यातला भात आणि मासा खाई. मला वाटायचं, बिचारा लाजतो.

घरी मात्र त्याने कळवलं होतं की आपण पिझ्झाच्या धंद्यात आहोत. यात खोटं काही नव्हतं. पिझ्झाची इतकी ताटं दुसऱ्या कुणी पाहिली नसतील.

पुढे मालक थकला, खाणावळ बंद झाली आणि मी भंगारात निघाले. क्वाबेनाने मला मागून घेतलं, गोधडीत गुंडाळलं आणि जहाजात चढवलं. परदेशाहून परतलेल्या माणसाला आमच्याकडे बोर्गा म्हणतात. बोर्गा परतला की त्याच्याकडे गाडी असावी लागते. गाडी नसेल तर घर, आणि घरही नसेल तर निदान पोट तरी. क्वाबेनाकडे मी होते.

त्याने राजधानी अक्रातल्या एका पिझ्झा कंपनीची शाखा विकत घेतली. म्हणजे बोर्ड कंपनीचा, चीज कंपनीचं, खोकी आणि टोप्या कंपनीच्या, आणि गाळ्याचं भाडं क्वाबेनाचं. करारात एक कलम होतं की भट्टीत पिझ्झाशिवाय दुसरं काहीही भाजायचं नाही. हे कलम मला फार आवडलं. माझ्याविषयी इतक्या आदराने आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

उद्घाटनाला दोन्कोर मामा आले. क्वाबेनाचे सख्खे मामा, घराण्यातले वडीलधारे, आणि आमच्याकडे मामाशिवाय कोणतंही काम सुरू होत नाही. त्यांनी माझ्यापुढे जमिनीवर जिन या दारूची धार धरली आणि पूर्वजांना सांगितलं की ही बाई गोऱ्यांच्या देशातून आली आहे, तरी कुणी घाबरून जाऊ नये. मग दुकान सुरू झालं. लोक आले, माझ्याबरोबर फोटो काढले, बोटाएवढे चीजचे धागे ओढून हसले. लग्न ठरलेली मुलं-मुली आली. शाळकरी मुलांचे वाढदिवस झाले. मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस. ते साधारण पाऊस सुरू होईपर्यंत टिकले.

त्यानंतर खाऊन उठणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारू लागला. "छान होतं. आता जेवायचं कधी?" आणि घरी जाऊन कंद कुटून केलेला फुफू खायचा.

याच सुमारास सेर्वाताई आली. ही क्वाबेनाची मोठी बहीण. बाजारात भाजलेले मासे विकायची. क्वाबेनाच्या विमानाचं तिकीट त्या माशांतून निघालं होतं. हे ती कधी बोलली नाही. दोन्कोर मामा प्रत्येक समारंभात बोलत. बाजाराची नवी बांधणी निघाली, तिची चूल उठली, आणि ती चार दिवसांसाठी म्हणून आमच्या मागच्या खोलीत आली. ते चार दिवस पुढे बरीच वर्षं चालले.

पहिला मासा माझ्या पोटात गेला तो दिवस मी विसरलेले नाही. आलं, लसूण आणि लाल मिरची ठेचून भरलेला तिलापिया. कपाळावर इटलीतल्या कारखान्याचं नाव आणि आत मासा! मी लाजेने विझून जायचा प्रयत्न केला. गॅसच्या भट्टीला ते स्वतःहून जमत नाही.

आणि मासे खपू लागले. आमच्या शहरात शनिवार हा मयताचा दिवस. काळे-तांबडे कपडे नेसून सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या मयताला जातं, आणि आलेला माणूस नीट जेवून परतला नाही तर मेलेल्याचं नाव खराब होतं. सेर्वाताईच्या माशाने बऱ्याच जणांची नावं राखली. एकदा डबे संपले, तेव्हा तिने कंपनीच्या पिझ्झाच्या खोक्यांत भात आणि मासा भरला. ती खोकी न वापरता पडूनच होती. वर कंपनीचं नाव दिसायला नको म्हणून त्यावर मयताचा फोटो चिकटवला. लोकांना तो प्रकार एवढा आवडला की पुढे फोटो लोकच आणून देऊ लागले. पिझ्झाच्या खोक्यावर बसून किती तरी आजोबा हसत हसत घरोघरी गेले.

मासे मागच्या दाराने जात. पुढच्या दारात क्वाबेना कंपनीची टोपी घालून उभा राही. त्याला सगळे 'पिझ्झा बोर्गा' म्हणत आणि हे नाव त्याला आईने ठेवलेल्या नावापेक्षा प्रिय होतं. कुणी नाक वर करून हुंगलं, की तो भिंतीपलीकडे हात करून म्हणे, "टायरवाला आहे ना. मासे भाजतो दिवसभर. सांगून थकलो." टायरवाल्याने जन्मात मासा भाजला नव्हता. भिंतीनंतरचा त्याच्यावरचा हा दुसरा अन्याय.

अखेर अक्राहून निरोप आला. तुमच्याकडे पिझ्झा खपत नाही. नाताळाच्या आत ही शाखा दुसऱ्या कुणाला विका, नाही तर आम्ही बोर्ड उतरवू. विकली गेली तर क्वाबेना धंदा यशस्वी करून विकणारा बोर्गा ठरणार होता. बोर्ड उतरला तर तो नुसता क्वाबेना. सेर्वाताईची चूल मात्र दोन्ही बाजूंनी जाणार होती, पण त्याविषयी कुणी काही बोलत नव्हतं. तीही नाही.

गिऱ्हाईक लवकरच मिळालं. मादाम दुफी. निवृत्त सुईण, आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मलेली, नवरा वर्षापूर्वी वारलेला, गाठीला पैसा. ती शुक्रवारी दुकान बघायला येणार होती. आदल्या दिवशी सेर्वाताई माझ्यापाशी असताना क्वाबेना आला. बराच वेळ तो माझं दार उघडत-मिटत राहिला.

"ताई, उद्या मासे नकोत."

"परवा दोन मयतं आहेत. त्यांना सांगू का, थोडे थांबा म्हणून?"

"सकाळी लवकर भाजून घे. मग मागच्या अंगणात ठेव. झाकून." त्याने माझं दार पुन्हा मिटलं. "आणि तूही... म्हणजे पाहुणे असेपर्यंत पुढे येऊ नकोस."

"मलाही झाकते की. फडकं मोठं आहे."

तो हसला नाही. तीही हसली नाही. शुक्रवारी सकाळी मासे निघाल्यावर तिनेच मला घासलं. टोपलीभर लिंबं कापली आणि लादी, कडा, बिजागऱ्या, धुराड्याचं तोंड, सगळं चोळून काढलं. काम नेहमीसारखंच चोख केलं. लिंबाचा रस माझ्या भेगांत शिरून झोंबत होता, आणि मित्रांनो, मला वाटत होतं की झोंबतंय ते बरंच आहे.

पाहुणे आले. मादाम दुफीबरोबर तिच्या चर्चमधले वडीलधारे मिस्टर तांदो होते, तिच्या वतीने बोलायला. आमच्या वतीने दोन्कोर मामा. मोठ्या कामाचं बोलणं आमच्याकडे समोरासमोर करत नाहीत. विकणाऱ्याने आपल्या माणसाला सांगायचं, त्याने ते शब्द धुऊन-पुसून समोरच्या माणसाच्या माणसाला द्यायचे, आणि त्याने ते समोरच्याला. गाळा एवढासा होता की चौघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. तरीही प्रत्येक वाक्य गोल फिरून जात होतं.

पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर येण्याचं कारण विचारलं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. तरी मिस्टर तांदोंनी ते उभं राहून सविस्तर सांगितलं.

मग मादामने नाक वर केलं. "तांदो, यांना विचारा, इथे माशाचा वास कसा येतो?"

असलं काही विचारणं म्हणजे घराचा अपमान. मिस्टर तांदोंनी घसा साफ केला. "मादाम म्हणतात, या वास्तूत पाऊल टाकताच त्यांची भूक जागी झाली."

मामा क्वाबेनाकडे वळले. "पाहुण्यांना भूक लागली आहे."

क्वाबेनाने घाईने पिझ्झा भाजला. कितीतरी दिवसांत मी पिझ्झा भाजला नव्हता. मी जीव ओतून भाजला. मादामने एक घास घेतला, डोळे मिटले, आणि उरलेला तुकडा ताटात परत ठेवला. त्या घासात लिंबू होतं आणि लिंबाखाली तिलापिया होता. मला काचेमागे तोंड लपवायलाही जागा नव्हती.

तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. वाऱ्याने झालं की कुणी ऐकत होतं, कोण जाणे. फटीतून सेर्वाताई दिसली.

"ती बाई कोण?" मादामने विचारलं.

हा प्रश्न साधा होता, त्यामुळे तो जसाच्या तसा फिरून क्वाबेनापर्यंत आला. त्याचा हात टोपीकडे गेला.

"ती होय? ती भांडी घासायला येते."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. ती त्यांची सख्खी भाची होती, थोरल्या बहिणीची थोरली मुलगी. शब्द धुऊन-पुसून पुढे देण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना या वाक्याला कुठून धरावं ते कळेना. शेवटी त्यांनी ते होतं तसंच पुढे दिलं. "भांडी घासायला येते."

दार मिटलं. माझ्या पोटात गॅस पेटलेला होता, तरी मी गार पडले. हे वाक्य बोलायला त्याला जगातलं दुसरं कुठलंही काम सुचलं असतं. त्याला तेच सुचलं जे तो स्वतः करत आला होता.

मादाम पुढे सरकली. "तांदो, सरळ विचारा. इथे मासे भाजतात की नाही? आणि खरं सांगायला सांगा."

"मादाम विचारतात," मिस्टर तांदो म्हणाले, "भट्टीची निगा आपण कशी राखता?"

क्वाबेनाने तिचे मूळ शब्द ऐकले होते. ऐकणारच. त्याचे कान तापले. तो मामांच्या कानाशी वाकून पुटपुटला, "मामा, सांगून टाका. मासेच भाजतो आपण."

मामांनी भाच्याची अब्रू सांभाळली. ते ताठ बसून म्हणाले, "माझा भाचा म्हणतो, या भट्टीने आजवर पिझ्झाशिवाय दुसऱ्या कशाचं तोंड पाहिलेलं नाही."

क्वाबेना बोलू शकला असता. मादाम हाताच्या अंतरावर होती. त्याने टोपी नीट केली.

मादाम खुर्चीला पाठ टेकून बसली. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण का, ते तेव्हा समजलं नाही. मिस्टर तांदो उभे राहिले. "आम्ही जरा म्हातारीला विचारून येतो."

आमच्याकडे कोणताही निर्णय सांगण्यापूर्वी पाहुणे असं म्हणतात आणि बाहेर जाऊन आपापसात बोलतात. म्हातारी कुणी नसते. तशी पद्धत आहे. समोर रस्ता गजबजलेला होता, म्हणून मिस्टर तांदो मादामला घेऊन मागच्या अंगणात गेले.

माझं धुराडं मागच्या भिंतीतून बाहेर पडतं. अंगणातलं सगळं मला ऐकू येतं आणि थोडंफार दिसतंही.

अंगणात सेर्वाताई बुटक्या स्टुलावर बसली होती. शेजारी फडक्याने झाकलेली परातींची रांग. मिस्टर तांदो दचकले. इतक्या वर्षांत ते शेकडो वेळा म्हातारीला विचारायला गेले होते. ती समोर बसलेली त्यांनी प्रथमच पाहिली.

मादामने काही न विचारता फडकं उचललं. वाकली. एका माशाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"मिरची वाटलेली नाही. ठेचलेली आहे."

"ठेचलेलीच," सेर्वाताई म्हणाली. "वाटली की कडू लागते."

"माझ्या नवऱ्याच्या मयताला हाच मासा होता. माझ्या दिराने मागवला होता, कुठून ते आता त्याला आठवत नाही. लोक अजून विचारतात, कुठून आणला. मी खोकं ठेवून दिलंय. त्याच्यावर यांचा फोटो आहे ना. एकदा कोपरा सुटला तर खाली पिझ्झा लिहिलेलं. म्हणून तर आले. आणि आत हे तांदो आणि तो म्हातारा मिळून मला पिझ्झा भरवत होते." तिने बोटं चाटली. "तू इथली कोण?"

सेर्वाताईने फडकं पुन्हा परातीवर ओढलं.

"भांडी घासते."

"आणि मासे?"

"भांडी घासून झाल्यावर."

मादाम तिच्याजवळ गेली आणि तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "बाई, मी सुईण आहे. नाकं बघण्यात जन्म गेला माझा. हे नाक आणि आतल्या टोपीखालचं नाक एका आईचं आहे."

सेर्वाताईने डोळ्यांना पदर लावला. मिरचीचा हात होता, त्यामुळे ते आणखी वाहू लागले.

मिस्टर तांदो खोळंबून उभे होते. "मग आत जाऊन मी काय सांगू?"

"तुम्ही बसा इथे. मासा खा. मी सांगते."

मादाम परत आली ती सरळ क्वाबेनासमोर उभी राहिली, मध्ये कुणी नाही. मामांना धक्का बसला.

"म्हातारीला विचारलं. म्हातारी म्हणते, मला बोर्ड नको. टोप्या नकोत. भट्टी हवी. भट्टीबरोबर म्हातारी स्वतः येणार, निम्म्या वाट्याची मालकीण म्हणून. भट्टीची जी किंमत होईल ती देईन. बोर्डासकट शाखा विकून जे मिळालं असतं त्याच्या जवळपासही ती येणार नाही, हे आधीच सांगते. आणि म्हातारी आणखी एक गोष्ट बोलली नाही. तुला वाचवत होती. ती मला तुमच्या दोघांच्या नाकावर दिसली."

बाहेर टायरवाला कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता.

मामांनी घसा साफ केला. "माझा भाचा म्हणतो की..."

"मामा," क्वाबेना म्हणाला, "मी काहीही म्हटलेलं नाही."

दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य जे कुणी धुतलं-पुसलं नाही. मग तो उठला. मादामचं ताट उचललं, टोपी काढून गल्ल्यावर ठेवली, मोरीपाशी गेला आणि बाह्या सरसावल्या. आधी ते ताट. मग पाण्याचे पेले. मग माझे सगळे पत्रे, जे आधीच स्वच्छ होते. सेर्वाताई दारात येऊन उभी राहिली. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

"कडा घास नीट," ती म्हणाली. "चीज चिकटून बसतं."

"माहीत आहे, ताई."

त्या ताटात मला माझी पितळी अक्षरं दिसली. बोलोन्यानंतर पहिल्यांदाच.

मित्रांनो, आता मी मादाम दुफीच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली उभी आहे. हमालांनी उचलताना कपाळावरची तीन अक्षरं पडली, आणि उरलेल्यांचा काही अर्थ होत नाही. नाताळाआधी कंपनीची माणसं बोर्ड काढून घेऊन गेली. भिंत तशीच आहे. क्वाबेना दर शुक्रवारी पराती घासायला येतो. त्याला कुणी बोलावलेलं नाही. सेर्वाताई त्याला कधी थांब म्हणत नाही, आणि त्या दिवसाबद्दलही कधी बोलत नाही. हे दुसरं त्याला जास्त जड जातं, असं त्याच्या घासण्यावरून वाटतं. लोक त्याला अजून पिझ्झा बोर्गाच म्हणतात. तो दर वेळी खाली बघतो.

तुमच्या घरी एखादी भट्टी असेल तर तिच्या तापलेल्या लादीवर गार पाणी ओतू नका, ती तडकते. काच ओल्या फडक्याने पुसा. गॅसची नळी वर्षाकाठी बदला. आणि जे भाजून तुमचं पोट भरतं त्याचा वास घालवण्यासाठी तिला लिंबाने घासू नका. ज्याच्या हातांना तो वास आहे तो माणूस शेजारच्याच खोलीत असतो, आणि त्याला सगळं ऐकू येतं. मीही माशांना लाजत होते. आता मला वाईट वाटतं ते त्या लाजण्याचंच.

परवा सेर्वाताईने क्वाबेनाला विचारलं, भट्टी तापलेलीच आहे, तुझ्यासाठी एक पिझ्झा लावू का, जुन्या आठवणीखातर. तो नको म्हणाला. त्याला चीज पचत नाही. बोलोन्यातही पचत नव्हतं.